विशेषणांची मोजदाद

इंग्रजीतील पुष्कळ विशेषणांना 'ली' हा प्रत्यय लावला की क्रियाविशेषण होते: 'क्विक'चे 'क्विकली', 'स्लो'चे 'स्लोली'. व्याकरणात ही जोडी शेजारी शेजारी शिकवतात. वापरात मात्र दोघांचे प्रमाण क्वचितच सारखे असते. 'प्रॉबेबली' पदोपदी भेटते, पण 'प्रॉबेबल' हे मूळ विशेषण अधूनमधूनच. 'पॉसिबल'च्या बाबतीत उलट आहे: विशेषण नेहमीचे, 'पॉसिबली' बरेच कमी. 'हार्ड' आणि 'फास्ट' एकाच रूपात दोन्ही कामे करतात; 'हार्डली'चा अर्थ तर 'जेमतेम' असा पार वेगळा आहे.

असे प्रमाण कानाच्या अंदाजाने नव्हे, मोजून ठरवावे लागते. त्यासाठी लागणारा मजकुराचा निवडक संग्रह म्हणजे कॉर्पस. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात कुचेरा आणि फ्रान्सिस यांनी १९६१ सालच्या छापील इंग्रजीतून प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० उतारे निवडले. हे झाले १० लाख शब्द. ब्रिटिश इंग्रजीचा तसाच संग्रह लँकेस्टर, ओस्लो आणि बर्गन येथील अभ्यासकांनी केला.

भारतीय इंग्रजीचा या धर्तीवरचा संग्रह महाराष्ट्रात तयार झाला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली १९७८ सालच्या छापील मजकुरातून १० लाख शब्द गोळा करण्यात आले. बातम्या, अग्रलेख, धर्म, विज्ञान, कथा असे सगळे प्रकार त्यात आहेत. भारतीय इंग्रजी वेगळी कुठे पडते, हे त्यामुळे आकड्यांनी तपासता येऊ लागले.

मोजणीत नुसते स्पेलिंग पुरत नाही. 'वेल' म्हणजे 'चांगल्या रीतीने' आणि विहीरही. म्हणून प्रत्येक शब्दाला त्याच्या वाक्यातील कामाची खूण लावतात. मग दर १० लाख शब्दांमागे किती वेळा, असा हिशेब मांडतात. मजकुराचा प्रकारही पाहावा लागतो: शास्त्रीय लेखनात विशेषणे दाट असतात, गप्पांत विरळ, 'रिअली' मात्र गप्पांतच अधिक ऐकू येते.

१० लाखांच्या संग्रहात दुर्मिळ शब्द एकदोनदाच सापडतो, आणि तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. अशा शब्दांसाठी १० कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पससारखे मोठे संग्रह लागतात. शिवाय कोल्हापूरचे उतारे इतर दोन संग्रहांपेक्षा १७ वर्षांनी नंतरचे आहेत. त्यामुळे आकड्यांत दिसणारा फरक देशाचा की काळाचा, हे पारखूनच तुलना करावी लागते.