उलट्या चुंबकाची गिटार

मिशिगन राज्यातल्या कलामाझू गावी गिब्सन कंपनीचा कारखाना होता. १९५९ साली तिथून ‘लेस पॉल स्टँडर्ड’ या मॉडेलच्या ६४३ इलेक्ट्रिक गिटारी बाहेर पडल्या. किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास, पेटीचे पैसे वेगळे. मॉडेल चालले नाही. रॉक अँड रोल वाजवणाऱ्या पोरांना ते जड वाटे, आणि फेंडर कंपनीच्या सडपातळ गिटारी त्यांना अधिक आधुनिक दिसत. १९६० नंतर गिब्सनने हा साचाच बाद केला आणि त्या जागी पातळ अंगाची, दोन शिंगांची नवी गिटार आणली. तीच पुढे एसजी म्हणून ओळखली गेली. आज त्या ६४३ पैकी अस्सल, फेरफार न झालेली एखादी विकायला निघाली, तर बोली लाखो डॉलरमध्ये लागते.

हा चमत्कार कंपनीने घडवलेला नाही. तो घडवला लंडनच्या काही तरुणांनी, आणि तोही कारखान्यात मॉडेल बंद पडल्यावर.

एरिक क्लॅप्टनने जॉन मायलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या वाद्यवृंदात असताना एक जुनी लेस पॉल मिळवली, ती मार्शलच्या ॲम्प्लिफायरला जोडली आणि आवाजाची कळ पार वर चढवली. १९६६च्या त्यांच्या तबकडीतला तो भरदार, फाटल्यासारखा तरीही लांबत जाणारा स्वर ऐकून इंग्लंडमधले गिटारवादक जुन्या लेस पॉलच्या शोधात दुकाने पालथी घालू लागले. क्लॅप्टनची स्वतःची गिटार त्याच वर्षी चोरीला गेली. कंपनीला मात्र जाग यायला १९६८ उजाडावे लागले. तेव्हा कुठे लेस पॉल पुन्हा यादीत आली.

मायलकडची क्लॅप्टनची रिकामी जागा भरली पीटर ग्रीनने. लंडनच्याच चेरिंग क्रॉस रोडवर त्याने १९५९ची एक लेस पॉल घेतली, शंभर पौंडांहून थोड्या जास्त किमतीला. पुढे ‘ग्रीनी’ म्हणून जगभर गाजली ती हीच. एकाच गिटारच्या चरित्रावर वाचकांचा वेळ घ्यावा अशी वाद्ये मोजकी असतात. ग्रीनीवर तो घ्यायला हरकत नाही, कारण तिचे खरे वैशिष्ट्य डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसते त्याने भल्याभल्यांना चकवले आहे.

त्यासाठी पिकअपच्या पोटात डोकवावे लागेल. तारांखाली बसवलेला हा भाग म्हणजे मुळात चुंबक आणि त्याच्याशी जोडलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. पण हेच वेटोळे आसपासच्या विजेच्या उपकरणांची घरघरही पकडते. गिब्सनचा अभियंता सेथ लव्हर याने १९५५मध्ये त्यावर तोड काढली. शेजारी शेजारी दोन वेटोळी, एकमेकांच्या उलट जोडलेली, आणि दोघांखाली चुंबकाचे विरुद्ध ध्रुव. घरघर आपसात कटते, तारेचा आवाज मात्र दुणावतो. पेटंट मिळायला १९५९चा जुलै आला. तोवर आणि त्यानंतरही काही वर्षे या पिकअपखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असे. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून संग्राहक त्यांना पीएएफ म्हणतात. गंमत म्हणजे नंतरच्या चिठ्ठ्यांवर गिब्सनने जो क्रमांक छापला तो या पिकअपचा नव्हेच, ज्यांचे नाव या गिटारला दिले त्या लेस पॉल यांनी घेतलेल्या, तारा अडकवण्याच्या खिट्टीच्या पेटंटचा तो आहे.

ग्रीनीत मानेजवळचा पिकअप उलटा बसवलेला आहे. त्याचे स्क्रू भलत्याच बाजूला दिसतात. ग्रीनने तो काढून पुन्हा लावताना उलटा लावला, असे सांगितले जाते. तिचा चमत्कारिक स्वर त्यामुळेच येतो, असे कित्येक वर्षे मानले गेले आणि हौशी वादकांनी आपापले पिकअप फिरवून पाहिले. काहीच झाले नाही. होणारही नव्हते, कारण नुसता पिकअप फिरवल्याने विजेची दिशा बदलत नाही. फरक आहे आतल्या चुंबकात. तो चुंबकच उलट्या ध्रुवांनी बसलेला आहे. कारखान्यातल्या कुणाच्या हातून हे झाले की नंतरच्या दुरुस्तीत, यावर आजही वाद रंगतात.

याचा परिणाम एका ठरावीक जागीच ऐकू येतो. दोन पिकअपपैकी एकच चालू असताना ग्रीनी इतर लेस पॉलसारखीच वाजते. खटका मधोमध ठेवून दोन्ही चालू केले, की त्यांचे आवाज बेरीज होण्याऐवजी एकमेकांतून वजा होऊ लागतात. खालचा भरणा गळून पडतो आणि उरतो एक पोकळ, किंचित नाकातून आल्यासारखा स्वर. दोन्हींच्या आवाजाच्या कळा अगदी सारख्या ठेवल्या तर तो फार क्षीण होतो, एक थोडी उतरवली तर त्यात पुन्हा अंग भरते. म्हणजे वादकाला त्या दोन कळांवर बोटे ठेवून स्वर शोधत बसावे लागते. ग्रीनने हे फार नजाकतीने केले. मायलच्या १९६७च्या तबकडीसाठी वाजवलेली ‘द सुपरनॅचरल’ ही धून ऐकावी. तीत त्याने स्वरांची संख्या किती कमी ठेवली आहे हे ऐकताना लक्षात येते.

त्याच वर्षी ग्रीनने ‘फ्लीटवूड मॅक’ काढले. कीर्ती आली, पैसाही आला, आणि त्याला पैशाचीच शिसारी येऊ लागली. वाद्यवृंदाने कमाई वाटून टाकावी असा आग्रह त्याने धरला. मे १९७०मध्ये तो बाहेर पडला. पुढे मानसिक आजाराने त्याचे बरेच आयुष्य खाल्ले. गिटार त्याने बेलफास्टच्या गॅरी मूर या विशीही न गाठलेल्या पोराला दिली. मूरने आपली एसजी विकून जे येतील त्यातून पैसे द्यावेत, असा सौदा ठरला. पैशापेक्षा गिटार चांगल्या घरी जाण्याची ग्रीनला फिकीर होती.

मूरने ती साडेतीन दशके वाजवली आणि १९९५मध्ये ‘ब्लूज फॉर ग्रीनी’ ही सगळी तबकडी मूळ मालकाला वाहिली. २००६मध्ये मात्र ती विकली. हाताच्या दुखापतीमुळे कार्यक्रम रद्द करावे लागले होते आणि पैशाची ओढाताण होती. इथून ग्रीनी वादकाच्या खांद्यावरून उतरून बाजारात शिरली.

या बाजाराची तऱ्हा न्यारी. गिटारच्या मागे शाईने उमटवलेला क्रमांक ९ने सुरू होतो का, हे आधी पाहतात. मग कळांवरचे सांकेतिक आकडे वाचून त्या कोणत्या कंपनीने कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात बनवल्या ते काढतात. अतिनील दिव्याखाली रोगण तपासतात. नवे लेपन तिथे वेगळे चमकते. त्या काळचा चेरी रंग उन्हात विटायचा, त्यामुळे एकाच वर्षीच्या दोन गिटारी आज एकसारख्या दिसत नाहीत: कुणी मधासारखी, कुणी लिंबाच्या सालीसारखी. रंगातला हा दोषच संग्राहकांना प्रिय. आणि कुणी रोगण पुन्हा चढवले असेल, तर किंमत ढोबळमानाने निम्मी. मिरजेत तंबोऱ्याची झिजलेली जवारी पुन्हा काढून दिली म्हणून त्याची किंमत कोसळत नाही. तिथे वाद्य वाजते आहे ना, हे बघतात. इथे पडदे बदलले तरी शंका घेतात. साहजिकच अनेक गिटारी तिजोऱ्यांत पडून आहेत.

सीमा ओलांडून विकायची तर आणखी एक अडसर. पडद्यांची पट्टी ब्राझिलियन रोझवूडची, आणि १९९२पासून या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधने आहेत. गिब्सनने नंतर भारतीय रोझवूड वापरायला घेतले. म्हणजे सह्याद्रीतही वाढणारा आपला शिसवच. २०१७मध्ये नियमांचा फास त्याच्याही भोवती आला. तयार वाद्यांना २०१९च्या अखेरीस सूट मिळाली.

२०१४मध्ये लंडनच्या एका हॉटेलात ग्रीनी ‘मेटॅलिका’ या वाद्यवृंदाच्या कर्क हॅमेटसमोर आली. एका विक्रेत्याने ती दाखवायला आणली होती. हॅमेटने स्वतः सांगितले आहे, की खटका मधल्या जागी नेल्यावर त्याचा निश्चय झाला. त्याने नेमके किती मोजले याच्या चर्चा पुष्कळ झाल्या. त्याहून महत्त्वाचे हे, की त्याने ती कपाटात ठेवली नाही. हजारोंच्या मैदानात, कानठळ्या बसवणाऱ्या मैफलींत तो ती वाजवतो. काही संग्राहकांना हे अघोरी वाटत असेल. पण लाकडाला ओरखडे पडतील या भीतीने ती गप्प ठेवण्यापेक्षा हे बरेच बरे.

२५ फेब्रुवारी २०२० रोजी लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहात ‘फ्लीटवूड मॅक’मधला ग्रीनचा साथीदार मिक फ्लीटवूड याने ग्रीनच्या गौरवाची मैफल भरवली. तिथे हॅमेट ग्रीनी घेऊन ‘द ग्रीन मॅनालिशी’ वाजवायला उभा राहिला. ग्रीनच्याच सांगण्याप्रमाणे हे गाणे पैशाच्या पिशाच्चावरचे आहे. शंभरेक पौंडांची आणि आता अफाट मोलाची झालेली गिटार तेच गाणे वाजवत होती. ग्रीन त्या रात्री तिथे नव्हता. पाच महिन्यांनी तो वारला.

२०२३मध्ये गिब्सनने ग्रीनीच्या प्रतिकृती बाजारात आणल्या. एक महागडी, हाताने झिजवून जुनी केलेली. नंतर त्याहून स्वस्त आवृत्त्या, अगदी एपिफोन या धाकट्या नावाखालीही. या सगळ्यांत मानेजवळच्या पिकअपचा चुंबक मुद्दाम उलटा बसवलेला असतो आणि जाहिरातीत ते गुण म्हणून सांगितले जाते.