‘रजनीगंधा’ बघितला नसेल तर

परवा भाचीने विचारलं, “मामा, एकही खलनायक नसलेली हिंदी प्रेमकथा सांग.” मी लगेच म्हणालो, ‘रजनीगंधा’, १९७४.

बासू चटर्जींचा हा चित्रपट मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवर आहे. कथेत कानपूर आणि कोलकाता. चित्रपटात दिल्ली आणि मुंबई.

दिल्लीतली दीपा (विद्या सिन्हा) मुलाखतीसाठी मुंबईला येते. तिथे जुना प्रियकर नवीन (दिनेश ठाकूर) भेटतो. वेळ पाळणारा, लक्ष देणारा. दिल्लीत मात्र संजय: उशिरा येणार, ऑफिसच्या गप्पा मारणार, पण निशिगंधाची फुलं आणणार. संजय म्हणजे आपले अमोल पालेकर, मराठी रंगभूमीवरून आलेले. हिंदीतला त्यांचा हा पहिला चित्रपट.

टॅक्सीतलं गाणं नीट बघा. दीपा आणि नवीन शेजारी बसलेत, दोघंही गप्प. मनातली घालमेल दीपाची, आवाज मात्र मुकेशचा! बाईच्या मनासाठी पुरुषाचा आवाज वापरायचं धाडस आजही फार कोणी करत नाही. शब्द योगेश यांचे, संगीत सलील चौधरींचं. मुकेशना याच गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

माझं मत विचाराल तर, दोन माणसं एकाच वेळी आवडू शकतात हे चित्रपट दीपाला दोषी न ठरवता दाखवतो. तिथे तो ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’पेक्षाही धीट वाटतो. (शाहरुखप्रेमींनो, दगड नकोत!)

शेवट सांगत नाही. बघितला असेल तर कमेंटमध्ये लिहा: तुम्ही संजयच्या बाजूचे की नवीनच्या? बासूदांबद्दल आणखी काही हवं असेल तर तेही विचारा.