लिंबातली वीज कोणाची?

गेल्या सुट्टीत आमच्या कोल्हापूरच्या घरी चार लिंबांनी एक दिवा लावला, आणि त्या चिमुकल्या उजेडात माझी एक जुनी चूक मला स्वच्छ दिसली. ती हकीकत वाचकांपुढे मांडावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मी मूळचा संस्कृताचा पंतोजी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले, की त्यांचा तास पुष्कळदा माझ्याकडे येई. अशाच एका तासाला मी मोठ्या उत्साहाने चार लिंबे, खिळे व तारा घेऊन वर्गात गेलो आणि विजेरीतला दिवा त्यांस जोडला. दिवा काही केल्या लागेना. मुले पोट धरून हसली. त्या दिवसापासून मी प्रयोगाचे नाव टाकले. ‘लिंबात वीज असते’ हे वाक्य फळ्यावर लिहावे व मुलांनी ते पाठ करावे, असा क्रम पुढे कित्येक वर्षे चालला.

यंदा सातवीतल्या नातीने तोच प्रयोग करण्याचा हट्ट धरला. कपिलतीर्थ मंडईतून रसाळ लिंबे आली. तांब्यासाठी तिने प्रथम माझ्या संध्येच्या पळीला हात घातला, परंतु “देवाची पळी लिंबात खुपसायची नाही हं!” अशी तिच्या आजीने ताकीद दिली, तेव्हा तांब्याच्या जाड तारेवर भागवावे लागले.

कृती सोपी आहे. लिंबू साल न फुटेल अशा बेताने दाबून मऊ करावे. त्यात एका बाजूस जस्ताचा मुलामा दिलेला खिळा व दुसऱ्या बाजूस तांब्याच्या तारेचा तुकडा खोचावा. दोन्ही रसापर्यंत पोहोचावीत, पण एकमेकांस लागू नयेत. मग पहिल्या लिंबाचे तांबे दुसऱ्याच्या खिळ्यास, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या खिळ्यास, अशी चार लिंबांची माळ तारांनी जोडावी. एका टोकास मोकळे राहिलेले तांबे लाल एलइडी दिव्याच्या लांब पायास आणि दुसऱ्या टोकाचा खिळा आखूड पायास जोडावा. खिडक्या लावून अंधार केला, तो दिवा मंद पण स्पष्ट तेवू लागला!

माझा दिवा त्या वेळी का लागला नाही, हेही मग उमगले. एका लिंबाचा दाब सुमारे ०.९ व्होल्ट, लाल एलइडीस दोन व्होल्टांच्या आसपास पुरतात व अगदी क्षीण प्रवाहही चालतो. उलट विजेरीच्या जुन्या तारेच्या दिव्यास त्याच्या शेकडो पट प्रवाह लागतो. दोष लिंबांचा नव्हता. मी दिवाच चुकीचा निवडला होता.

एवढ्यावर मी समाधान मानले असते. पण नात म्हणाली, “आजोबा, वीज लिंबात असेल, तर दोन्हीकडे खिळेच लावले तरी दिवा लागायला हवा.” लगेच तिने तांबे काढून त्या जागी खिळे खोचले. लिंबे तीच, रस तोच. दिवा मात्र विझला. तांबे परत घालताच तो पुन्हा उजळला. माझे फळ्यावरचे वाक्य नातीने दोन मिनिटांत खोडून काढले होते.

नेमका हाच वाद युरोपात दोनशे वर्षांपूर्वी माजला होता. इटलीतील गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाच्या तंगड्या धातूंच्या स्पर्शाने आखडताना पाहिल्या आणि वीज प्राण्याच्या अंगातच असते, असे १७९१ साली प्रतिपादले. व्होल्टाने ते नाकारले. दोन भिन्न धातूंच्या चकत्या व मध्ये मिठाच्या पाण्याने भिजविलेले थर रचून त्याने १८०० साली बेडकावाचून वीज उत्पन्न केली. मात्र दोन धातूंच्या नुसत्या स्पर्शाने वीज होते, हा त्याचा समजही अपुराच ठरला. धातू व द्रव यांमधील रासायनिक क्रिया हे खरे कारण, हे पुढे सिद्ध झाले.

ती क्रिया अशी: आंबट रसात जस्त हळूहळू विरघळते व आपले विद्युत्कण मागे सोडते. ते कण तारेवाटे दिव्यातून तांब्याकडे जातात आणि तेथे रसातील आम्लाशी संयोग पावून हायड्रोजन वायू निर्माण करतात. म्हणजे लिंबू केवळ साक्षीदार नव्हे; परंतु खर्ची पडते ते मुख्यतः जस्त. दोन दिवसांनी आमच्या खिळ्यांची चकाकी गेलेली दिसली, ती त्यामुळेच. भिंतीवरच्या घड्याळातील सेलातही बहुधा जस्तच झिजत असते.

हे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, “यात नवल ते काय? कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात आमटी कळकते, ती आंबटाने धातू उतरतो म्हणूनच ना?” यावर मी निरुत्तर झालो. याच कारणास्तव प्रयोगातील लिंबांचे सरबत करू नये, ती टाकून द्यावीत, हे वाचकभगिनींस आवर्जून सांगतो. तसेच घरातील विजेच्या बटणांशी हा खेळ मुळीच जोडू नये.

रसरत्नसमुच्चयात रसकापासून जस्त काढण्याची कृती आहे, आणि राजस्थानात जावर येथे जस्त गाळण्याच्या जुन्या भट्ट्यांचे अवशेष आजही आढळतात. त्या भट्टीत धातू मोकळा करण्यास जी ऊर्जा खर्चावी लागते, तिचाच काही अंश लिंबाच्या रसात उजेड होऊन परत येतो. ग्रंथातील ती कृती मला ठाऊक होती. तिचा मर्म एका मुलीच्या शंकेने कळला.

ज्या मुलांकडून मी ते वाक्य पाठ करून घेतले, ती आता संसारी झाली असतील. त्यांचा फळा मला पुसता येत नाही. त्यांपैकी कोणी हे वाचीत असेल, तर त्याने चार लिंबे आणून आपल्या मुलाबाळांसह मास्तरांची चूक दुरुस्त करावी, एवढीच विनंती.