आधी मोजा, मग खोला

तीन वर्षांपूर्वी जी.सी.एस.ई.चा निकाल लागला आणि आमच्या चिरंजीवांनी जाहीर केले, की आपण ए लेव्हलला जाणार नाही. एका गॅरेजमध्ये अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागणार आणि कॉलेजात मोटार दुरुस्तीचे शिक्षण घेणार. निकाल चांगला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण बातमी ऐकणाऱ्या प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात एका स्नेह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, "होईल सगळं ठीक," असा धीर दिला. जणू घरात कुणाचे दुखणे होते.

मीही फार धीराचा निघालो नाही. पुण्याला आईला फोनवर सांगितले, "ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग घेतलंय." इंजिनिअरिंगची पदवी आणि व्हेइकल टेक्निशियनची अ‍ॅप्रेंटिसशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पक्के ठाऊक होते; मी स्वतः इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केली आहे आणि गेली अठरा वर्षे सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो आहे. खरे सांगितले ते फक्त दादाकाकांना. काका औंधच्या आय.टी.आय.मधून मोटर मेकॅनिक होऊन बाहेर पडले आणि एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. ते जराही चपापले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "अजून कानस मारायला लावतात का रे पोरांना?"

लावतात. पण कानशीकडे येण्याआधी ही व्यवस्था काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांना तिची काहीच माहिती नसते. मलाही नव्हती. (पुढचे सगळे इंग्लंडपुरते, स्कॉटलंड आणि वेल्सची रचना वेगळी आहे.) अ‍ॅप्रेंटिस हा विद्यार्थी नसून नोकर असतो. त्याचा गॅरेजशी करार असतो, त्याला पगार मिळतो, आणि कामाच्याच वेळेतून त्याला शिक्षणासाठी सोडणे मालकावर बंधनकारक असते. कुणी आठवड्यातून एक दिवस कॉलेजला जातो, कुणी महिन्या-दीड महिन्याने सलग आठवडाभर. एप्रिल २०२५ मध्ये अ‍ॅप्रेंटिसचा किमान पगार ताशी ७.५५ पौंड झाला. फी मुलाला भरावी लागत नाही. मोठ्या कंपन्या २०१७ पासून पगारखर्चाच्या ३० लाख पौंडांवरील भागावर अर्धा टक्का कर देतात, त्यातून हे शिक्षण चालते. आणि २२ वर्षांखालच्या मुलाला घेणाऱ्या लहान गॅरेजला एप्रिल २०२४ पासून शिक्षणाचा खर्च उचलावा लागत नाही. मोटारींसाठीचा हा अभ्यासक्रम साधारण तीन वर्षांचा असून त्याची पातळी तिसरी, म्हणजे ए लेव्हलच्या बरोबरीची मानली जाते.

आता कानस. पालकांसाठी असलेल्या संध्याकाळी आम्ही उभयता कॉलेजचे वर्कशॉप पाहायला गेलो. मला काळ्या तेलाची थारोळी अपेक्षित होती. जमीन आमच्या स्वयंपाकघराहून स्वच्छ होती, असे सौ. म्हणाली. एका बाजूला लिफ्टवर चढवलेल्या सहा-सात मोटारी, दुसऱ्या बाजूला व्हाइस बसवलेली बाके. पहिल्या काही आठवड्यांत मुलांना पोलादाचा तुकडा देऊन तो कानशीने सपाट करायला लावतात. गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा. गुण्याखालून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा व्हाइसमध्ये. मग त्यात भोक पाडायचे, आटे पाडायचे. यातून कोणतीही मोटार दुरुस्त होत नाही. पण धातू हाताखाली किती सरकतो, बोल्ट तुटायच्या आधी पान्ह्याला काय जाणवते, हे पुस्तकातून कळत नाही. आणि मुख्य म्हणजे "सपाट वाटतंय" आणि "सपाट आहे" यांतला फरक गुण्या रोज तोंडावर सांगतो.

पुढचा सगळा अभ्यासक्रम मला या एकाच फरकाचा विस्तार वाटतो. ब्रेकची डिस्क घ्या. वापरता येण्याजोगी किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. ती मोजायची तर व्हर्नियर लावला की झाले, असे मला वाटले. पण डिस्क झिजते ती पॅड घासतो तेवढ्या पट्ट्यात; बाहेरच्या काठाला न झिजलेली, गंजलेली कड उभी राहते. व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकले की जाडी जास्त दिसते आणि मोडीत काढायची डिस्क पास होते. म्हणून मायक्रोमीटर, तोही कडेच्या आत, आणि डिस्कभोवती अनेक ठिकाणी. चाकाचे नट हवेच्या गनने कचकचून आवळले म्हणजे सुरक्षित, हाही आमचा घरगुती समज. बोल्ट ही एक ताठ स्प्रिंग आहे. तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने जोड धरून ठेवतो. प्रमाणाबाहेर ताणला की तो परत येत नाही. इंजिनच्या हेडचे काही बोल्ट तर मुद्दाम त्या हद्दीपर्यंत नेतात, ठरावीक जोर आणि त्यापुढे ठरावीक अंशांचा कोन. असे बोल्ट एकदा काढले की पुन्हा वापरायचे नसतात.

तरीही हे सगळे मला मनातून "हातकाम" वाटत होते. माझा ग्रह उतरवला तो आमच्याच दारातल्या गाडीने.

अकरा वर्षांची गाडी. सकाळी किल्ली फिरवली की इंजिन कण्हत फिरे. कधी सुरू होई, कधी नाही. मी मल्टिमीटर काढला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. केबलचा रोध जवळजवळ शून्य. बॅटरी चांगली, केबल चांगली, म्हणून दोष स्टार्टर मोटरचा, असा निष्कर्ष काढून मी ओळखीच्या गॅरेजला स्टार्टर बदलायला सांगितले. त्यांनी बदलला, मी अडीचशे पौंडांवर बिल भरले, आणि तिसऱ्या आठवड्यात गाडी पुन्हा कण्हू लागली.

चिरंजीव तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. त्याने माझी मापे ऐकली आणि म्हणाला, "बाबा, करंट वाहत नसताना मोजून काय उपयोग?" त्याने मीटर व्होल्टवर ठेवला, एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला आणि दुसरे थेट इंजिनच्या धातूला लावले, आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. या दोन जागा जाड तारांनी जोडलेल्या असतात, म्हणजे त्यांच्यात फरक जवळजवळ शून्य हवा. इंजिन फिरताना दोन-तीन दशांश व्होल्टपर्यंत चालून जाते. मीटरने १.८ दाखवले. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी आतून कुजली होती.

वाचकांपैकी ज्यांनी ओहमचा नियम शिकला आहे, त्यांनी हिशेब करून पाहावा. स्टार्टर दीडशे अँपिअरच्या आसपास ओढतो. १.८ व्होल्ट भागिले १५० म्हणजे ०.०१२ ओहम. माझ्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध याच्या दसपट असतो! मी रोध मोजला तेव्हा हा दोष दिसणे शक्यच नव्हते. दहापैकी एकच धागा शाबूत असलेली केबलसुद्धा मीटरच्या चिमूटभर करंटपुढे सज्जन ठरते. खरा भार पडला की तिचे पितळ उघडे पडते. हा नियम मी पीएच.डी. करताना पदवीच्या मुलांना शिकवला होता. आमच्या गाडीपाशी तो मला आठवला नाही. पट्टी बारा पौंडांना आली.

कॉलेजात याला व्होल्टेज ड्रॉपची चाचणी म्हणतात आणि ती अक्षरशः घोटून घेतात. तिथल्या मोटारी रस्त्यावर न्यायच्या नसतात. शिक्षक त्यांत रोज नवे बिघाड पेरतात. कुठे खराब फ्यूज, कुठे वायरीच्या आवरणाखाली लपवलेला रोध. मुलाने कोणता भाग बदलला याला गुण नसतात. कोणत्या क्रमाने काय मोजले, काय आकडा अपेक्षित होता आणि काय आला, हे कागदावर लिहावे लागते. माझ्या हाताखालच्या पदवीधरांकडून बग शोधताना असा कागद मिळाला तर मी पेढे वाटीन.

संगणक जोडला की बिघाड कळतो, हा आणखी एक समज. युरोपात २००१ पासून पेट्रोलच्या आणि २००४ पासून डिझेलच्या नव्या मोटारींना निदानासाठी ठरावीक सोळा टोकांचे सॉकेट असते, हे खरे. त्यातून कोड मिळतो. समजा पी०१७१ मिळाला: मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त. हे एक्झॉस्टमधल्या लॅम्डा सेन्सरने कळवलेले असते, म्हणून पुष्कळ ठिकाणी बिचारा तो सेन्सरच बदलतात. साप सोडून भुई धोपटण्याचाच हा प्रकार. हवेची नळी फाटली असेल, हवामापक मळला असेल, इंधनपंप दमला असेल. मुलांना आधी हवेच्या मार्गात पांढरा धूर सोडायला शिकवतात. फट असेल तिथून तो बाहेर येतो. कोड ही तक्रार असते, निदान नव्हे.

मला सर्वांत आवडलेली चाचणी त्याच सॉकेटची आहे. मोटारीतले वीस-तीस छोटे संगणक ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात, त्या सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकांच्या टोकांवर येतात. त्या जाळ्याच्या दोन्ही शेवटांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडवून दोन टोकांत मीटर लावा: ६० आले तर दोन्ही शेवट जागेवर, १२० आले तर कुठेतरी तार तुटून एक शेवट हरवला, शून्य आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. जाळ्यांवर आयुष्य घालवलेल्या मी लॅपटॉप उघडून अर्धा तास घालवला असता. सतरा वर्षांचे पोर अर्ध्या मिनिटात साध्या मीटरने उत्तर देते.

विजेच्या मोटारींच्या बाबतीत मात्र ही शिस्त जिवाशी येते. साधारण चारशे व्होल्टची बॅटरी, काहींत आठशे. तिच्या वायरी नारिंगी. किल्ली दूर कुलपात, बॅटरीचा दुवा खोलून त्यालाही कुलूप, आत साठलेली वीज उतरेपर्यंत कंपनीने सांगितलेली मिनिटे थांबायचे, मग हजार व्होल्टचे रबरी हातमोजे. त्यांतही आधी हवा कोंडून भोक आहे का ते पाहायचे. त्यानंतर वीज नाही याची खात्री करायची ती तीन पायऱ्यांत: मापक आधी माहितीच्या विजेवर लावून तो चालतो हे पाहायचे, मग मोटारीवर लावायचा, आणि शून्य दिसल्यावर पुन्हा माहितीच्या विजेवर. कारण मेलेला मापकही शून्यच दाखवतो. माझ्या व्यवसायात, चाचणी पास झाल्यावर चाचणीच जिवंत आहे का हे पाहणारे फार थोडे भेटले.

सगळेच असे गोजिरवाणे नाही. चिरंजीवांच्या पहिल्या गॅरेजने त्याला सात महिने टायर बदलण्याला आणि झाडण्याला जुंपले, आणि गर्दीच्या आठवड्यात "या वेळी कॉलेज राहू दे" असे दोनदा सांगितले. आम्ही भिडस्तपणे गप्प बसलो. ती आमची चूक. अखेर कॉलेजच्या समन्वयकांनीच दुसरे गॅरेज शोधून दिले आणि झालेले शिक्षण वाया गेले नाही. कुणाच्या घरी असा बेत असेल तर करारावर सही करण्यापूर्वी मालकाला सरळ विचारा: मुलाला कोणत्या अनुभवी माणसाच्या हाताखाली ठेवणार, पहिल्या वर्षात टायर-ऑइलशिवाय काय करू देणार, मागचा अ‍ॅप्रेंटिस शेवटपर्यंत टिकला का. उत्तर देताना तो अडखळला तर दुसरे दार वाजवा. दरवाजे पुष्कळ आहेत. एम.ओ.टी. तपासणीस व्हायचे असेल तर पुढे किमान चार वर्षांचा पूर्णवेळ दुरुस्तीचा अनुभव लागतो, हेही मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे. कोर्स संपला की सगळे परवाने हातात पडतात असे नाही.

आणि अवजारे ज्याची त्याला घ्यावी लागतात. दर आठवड्याला एक व्हॅन गॅरेजपाशी येते, हप्त्याने पाने विकते, आणि पोरांचे पगार तिच्यात जातात. यंदाच्या गणपतीत पुण्याला गेलो तेव्हा आईला मी खरे काय ते सांगितले. "दादासारखंच ना मग?" एवढेच ती म्हणाली आणि मोदकांकडे वळली. काका मात्र नातवाला घेऊन बाहेर ओट्यावर बसले. टॉर्क रेंच केवढ्याला पडला ते त्यांनी विचारले, पौंडांचे रुपये केले, आणि बराच वेळ फोनवरचा त्याचा फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिले.

"आमच्याकडे एक होता," ते म्हणाले. "अख्ख्या शेडला मिळून."