हळदीचे मिलिग्रॅम

डब्यातला छोटा चमचा सपाट भरला तर त्यात साधारण ३ ग्रॅम हळद मावते. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन चांगल्या पुडीत वजनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे चमचाभर हळदीत ९० मिलिग्रॅम. चौघांच्या आमटीला एवढी हळद लागतही नाही. माणशी वीसेक मिलिग्रॅम आलं तरी खूप झालं. कोलेस्टेरॉल आणि यकृताबद्दल हळदीच्या नावाने जे काही सांगितलं जातं, ते मी आधी या आकड्याशेजारी ठेवून बघते.

१९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन एकदम दिलं, म्हणजे बाविसेक चमचे हळदीइतकं. तरी रक्तात ते जेमतेम सापडलं किंवा सापडलंच नाही. सोबत मिऱ्यातलं पायपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर मात्र शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. कॅप्सूल बनवणाऱ्यांनी हाच धागा उचलला. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ९५ टक्के अर्क असेल, तर एका घोटात पाच चमचे हळदीचं कर्क्युमिन पोटात जातं, आणि पायपरीनमुळे त्यातलं बरंच अधिक रक्तात उतरतं.

त्याने कोलेस्टेरॉल उतरतं का? २०२२ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी हे तपासलं. १९० प्रौढांना २८ दिवस वेगवेगळ्या गोळ्या दिल्या: कुणाला रोसुव्हास्टॅटिन अवघं ५ मिलिग्रॅम, कुणाला नुसती दिखाऊ गोळी, कुणाला हळद, दालचिनी, लसूण, माशाचं तेल वगैरे. हळद दिली ती दिवसाला ४५०० मिलिग्रॅम. रोसुव्हास्टॅटिनने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ३७.९ टक्क्यांनी खाली आणलं. हळदीची घट दिखाऊ गोळीहून वेगळी काढण्याइतकी नव्हती. लसणाच्या गटात तर एलडीएल थोडं वाढलं. २८ दिवस हा काळ लहान आहे, हे खरं. पण स्टॅटिन बंद करून हळदीवर राहणाऱ्यांनी हे दोन निकाल एकदा शेजारी ठेवून पाहावेत, असं मला कळकळीने वाटतं.

यकृताच्या बाबतीत चित्र इतकं सरळ नाही. इराणमध्ये २०१६ साली फॅटी लिव्हरच्या ८० रुग्णांवर आठ आठवडे प्रयोग झाला. सहज विरघळेल अशा रूपातलं कर्क्युमिन रोज ७० मिलिग्रॅम दिलं. सोनोग्राफीत ७८.९ टक्के रुग्णांच्या यकृतातली चरबी कमी दिसली. दिखाऊ गोळी घेणाऱ्यांतही २७.५ टक्क्यांची कमी झाली होती, तो आकडा सहसा कुणी सांगत नाही. निकाल आशा वाटावी असा आहे. पण प्रयोग छोटा आहे, आणि त्यात वापरलेली वस्तू म्हणजे आपली फोडणीतली हळद नव्हे.

उलट बाजूही आहे. औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकाराची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी संशोधक गटाने २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांशी जोडलेले १० रुग्ण नोंदवले. त्यांत ८ बायका. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. दहापैकी सातजणांत एचएलए-बी*३५:०१ हा जनुकप्रकार सापडला. म्हणजे धोका सगळ्यांना सारखा नाही; पण आपल्यात तो प्रकार आहे की नाही हे गोळी घेणाऱ्याला ठाऊक नसतं. तपासलेल्या काही गोळ्यांत पायपरीनही होतं.

अन्नात घालायच्या कर्क्युमिनसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी रोजची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत धरली आहे. ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम, म्हणजे दोन चमचे हळद. रोजचा स्वयंपाक, रात्रीचं हळदीचं दूध, सगळं धरूनही आपण तिथवर क्वचितच जातो. वरची एकच कॅप्सूल ४७५ मिलिग्रॅमची आहे.

डॉक्टरांनी "काय काय औषधं चालू आहेत?" विचारलं की बीपीची, साखरेची गोळी सांगितली जाते. हळदीच्या कॅप्सूलची बाटली घरीच राहते, कारण ती औषध वाटतच नाही. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, तर ती बाटली सोबत न्यावी. गोळी थांबवल्यावर बहुतेकांचं यकृत एक ते तीन महिन्यांत पूर्ववत होतं.