आवाज एकीकडे, दुखणं दुसरीकडे: जुन्या लहान गाडीच्या सस्पेन्शनबद्दलचे आठ गैरसमज

बडनेरा, मूर्तिजापूर, अकोट कुठेही जा. सकाळी गॅरेज उघडल्यावर थोडा वेळ उभं राहिलं, की एक वाक्य कानावर पडतंच: ‘भाऊ, समोरून खडखड आवाज येऊन रायला.’ त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: ‘शॉकअप गेले. जोडी टाकून घ्या.’ जोडी बसते, हजारो रुपये जातात आणि आठवडाभरात तोच आवाज पुन्हा सुरू होतो.

मारुती 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. तरी एमएच-27 आणि एमएच-30 च्या पाट्या लावलेल्या कितीतरी 800, जुन्या अल्टो, वॅगनआर, सँट्रो आजही रोज रस्त्यावर आहेत. त्यांच्यावरच लग्नकार्यं निभतात, दवाखान्याच्या फेऱ्या होतात आणि शेताच्या चकराही. या गाड्या टाकाऊ नाहीत. मात्र त्यांच्या सस्पेन्शनवर होणारा बराच खर्च चुकीच्या भागावर होतो आणि खरा धोका तसाच राहतो. कारण आवाज करणारा भाग आणि जिवावर बेतणारा भाग दर वेळी एकच नसतो.

आधी कामाची वाटणी पाहू. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकअप त्या स्प्रिंगची उसळी शमवतो. त्याच्या आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळीची ताकद उष्णतेत विरते. लोअर आर्म आणि बॉल जॉइंट चाकाला त्याच्या जागी धरून ठेवतात. लोखंड जिथे लोखंडाला जोडलं जातं, तिथे धक्के गिळायला रबरी बुश असतात. या प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं.

गैरसमज 1: समोरून खडखड आली म्हणजे शॉकअप गेले.

वस्तुस्थिती: लहान खड्ड्यांवरच्या खडखडीचा उगम बहुतेक वेळा बुशात, जंपिंग रॉडच्या (वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंकमध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये सापडतो. शॉकअप निकामी झाला, तर गाडी वाजण्यापेक्षा डोलते. आवाज कधी येतो, यावरून बरंच कळतं. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टंग’ करून उसळल्यासारखी वाजत असेल, तर स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडणीच्या, वरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग पाहावं. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना ‘टक टक टक’ आलं, तर संशय एक्सलच्या जॉइंटवर जातो. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर पडलं असेल. तो भाग सस्पेन्शनचा नाहीच. सैल झालेली ब्रेकची कॅलिपर पिन किंवा सायलेन्सरचं तुटलेलं रबरही हुबेहूब सस्पेन्शनसारखाच खडखडाट करतं. म्हणून मिस्त्रीला ‘शॉकअप बदला’ असं सांगू नये. आवाज किती वेगाला, कुठल्या वळणावर आणि कशा खड्ड्यावर येतो ते सांगावं, आणि त्याला शेजारी बसवून एक फेरी मारावी.

गैरसमज 2: गाडी मागून बसली, तर नवे शॉकअप टाका. नाहीतर स्प्रिंगमध्ये रबर अडकवा.

वस्तुस्थिती: या गाड्यांमध्ये वजन पेलायचं काम स्प्रिंगचं आहे. उंची कमी झाली असेल तर स्प्रिंग थकलेली, तुटलेली किंवा तिची बैठक गंजलेली असते. नुसते शॉकअप बदलून उंची परत येत नाही. मारुती 800 चं स्वतःचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास आहे. त्यात पाच माणसं आणि गहू-तुरीचं पोतं ठेवलं, की गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भार तिच्यावर चढतो. वर्षानुवर्षं असं चाललं, तर स्प्रिंग दमणारच.

वेटोळ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर बाजारात मिळतात. त्यांनी गाडी उचलली जाते खरी, पण स्प्रिंगची काही वेटोळी कामातून बाद होतात. स्प्रिंग कडक होते, चाकाची वर-खाली हालचाल घटते आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका माउंटिंगवर आणि बॉडीवर जातो. जुन्या, गंजू लागलेल्या बॉडीला हे परवडत नाही. स्प्रिंग थकली असेल तर त्याच मॉडेलच्या नव्या स्प्रिंगची जोडी घालणं हाच सरळ उपाय.

गैरसमज 3: शॉकअपमधून तेल गळत नाही, म्हणजे तो ठणठणीत आहे.

वस्तुस्थिती: गळती हे शेवटच्या टप्प्यातलं लक्षण. त्याच्या कितीतरी आधी आतले व्हॉल्व्ह झिजतात आणि शॉकअप हळूहळू ढिला पडतो. हा बदल इतका सावकाश होतो, की रोज चालवणाऱ्याला त्याची सवय होऊन जाते.

वऱ्हाडात हा दोष ओळखायला रस्ताच मदत करतो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरच्या रस्त्याला त्यामुळे लांब लाटा पडतात. लहान गाडीची बॉडी स्प्रिंगवर साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा डोलते. ताशी 72 किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला 20 मीटर जाते. लाटा 15 ते 20 मीटरच्या अंतरावर असतील, तर दर सेकंदाला एक धक्का नेमका डोलण्याच्या तालात बसतो. झोका तालात ढकलल्यावर उंच जावा, तशी गाडी उसळत जाते. चांगला शॉकअप ती उसळी एका दमात मोडतो. ढिला शॉकअप तिला दोन-तीन वेळा नाचू देतो. ‘सत्तरला गाडी बोटीसारखी डोलते, पन्नासला शांत असते’ ही तक्रार म्हणूनच अगदी खरी असते.

बॉनेट दाबून सोडायची परीक्षा उपयोगी आहे, पण तिच्यात फक्त पुरता मेलेला शॉकअप पकडला जातो. ब्रेक मारल्यावर नाक फार खाली जाणं आणि टायरच्या रबरावर ठिकठिकाणी खळगे पडणं या खुणाही पाहाव्यात. ढिल्या शॉकअपमुळे खडबडीत रस्त्यावर चाक क्षणभर जमीन सोडतं, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लावून गाडी थांबत नाही.

गैरसमज 4: टायर खातो आहे ना, मग अलाइनमेंट करून घ्या.

वस्तुस्थिती: अलाइनमेंट ही सगळ्यात शेवटची पायरी आहे. बुश फाटलेला आणि बॉल जॉइंट हलता असेल, तर यंत्रावर जुळवलेला कोन पहिल्याच खड्ड्यात बिघडतो. शिवाय अशा बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं, जुळवता येतो. चाक आडवं कललं असेल, तर त्यासाठी फिरवायला बोल्टच नसतो. कुठला तरी भाग वाकला किंवा झिजला आहे, असा त्याचा अर्थ.

टायर स्वतःच बरंच सांगतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर कोन बिघडलेला. ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर आधी व्हील बॅलन्सिंग करावं. त्याचं आणि अलाइनमेंटचं काम वेगळं आहे.

गैरसमज 5: उन्हाळ्यात हवा कमी ठेवली की टायर फुटत नाही आणि गाडीही मऊ चालते.

वस्तुस्थिती: अकोल्याचा पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त दबते. त्या दबण्यातूनच उष्णता तयार होते आणि टायर फुटायचा धोका वाढतो. समृद्धी महामार्गावर कारला ताशी 120 ची मुभा आहे. तिथे तासन्‌तास एका वेगाने जाताना ही चूक फार महाग पडू शकते. मारुती 800 आणि जुन्या अल्टोचं चाक 12 इंची. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं. त्यात हवा कमी असली, तर दणका रिमला आणि लोअर आर्मला बसतो. कंपनीने स्टिकरवर दिलेला आकडा पाळावा आणि हवा टायर थंड असताना, सकाळी तपासावी.

गैरसमज 6: पावसाळ्याआधी खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारलं, की गंजही नाही आणि आवाजही नाही.

वस्तुस्थिती: लोखंडावर तेलाचा थर बसतो, हे खरं. पण तेच डिझेल आणि ऑइल नैसर्गिक रबराला फुगवतं आणि पोचट करतं. करकर चार दिवस थांबते, पुढे बुश लवकर फाटतो. बुशावर सिलिकॉनचं ग्रीस चालतं, खनिज तेल चालत नाही.

गंजाचं आपल्याकडे आणखी एक कारण आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा जातो. दर्यापूर, तेल्हारा भागातल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने गाडी खालून धुतली, तर स्प्रिंगची बैठक आणि मागच्या एक्सलचे जोड यांत क्षार साचून राहतात. शेवटचं पाणी गोडं असावं. चाकांच्या वर अडकलेली काळी मातीही काढावी, कारण ती ओलावा धरून ठेवते.

गैरसमज 7: एकच शॉकअप गेला, तर एकच बदलू. किंवा त्यातच तेल भरून घेऊ.

वस्तुस्थिती: एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला शॉकअप असला, तर अचानक वळवताना किंवा जोरात ब्रेक मारताना दोन्ही चाकं वेगळी वागतात. म्हणून पुढची किंवा मागची जोडी एकत्र बदलावी. चारही एकदम बदलायची गरज दर वेळी नसते. बंद शॉकअप फोडून त्यात मिळेल ते तेल भरल्याने सुरुवातीला गाडी कडक लागते, पण आतले झिजलेले व्हॉल्व्ह आणि सील तसेच राहतात.

बुश बदलतानाची एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी लागते. चाकं लटकत असताना लोअर आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचं आवळणं करावं.

गैरसमज 8: जुनी गाडी थोडी वाजणारच. आता रस्ताही चांगला झाला, मग काळजी कसली?

वस्तुस्थिती: जून 2022 मध्ये अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना दरम्यान एका लेनवर 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर सलग 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. कित्येक वर्षं या रस्त्याने हाडं खिळखिळी केली होती, त्यामुळे तो आनंद मोठा होता. पण गुळगुळीत रस्ता सस्पेन्शन दुरुस्त करत नाही. तो फक्त दोष झाकतो आणि वेग वाढवतो.

बॉल जॉइंट अनेकदा फारसा न वाजता झिजतो. तो खोबणीतून निसटला, तर चाकाची खालची बाजू बाहेर फेकली जाते, गाडी त्या कोपऱ्यावर बसते आणि स्टिअरिंग हातचं जातं. बुश वर्षभर खडखडतो आणि फक्त त्रास देतो. बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड एंड मात्र दुसरी संधी देतीलच असं नाही.

मग क्रम कसा असावा?

आधी हवा आणि टायरची झीज पाहावी. मग गाडी जॅकवर घेऊन खाली पक्के स्टँड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरू नये. चाक वर-खाली धरून हलवल्यावर प्ले, म्हणजे ढिली हालचाल, आला, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे आला, तर टाय रॉड एंड. बुश टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, हलवून पाहावेत. मारुती 800 आणि जुन्या अल्टोच्या मागच्या आडव्या रॉडचे बुशही विसरू नयेत. ते गेले, की गाडी वळणावर मागून डोलते. त्यानंतर शॉकअप, मग स्प्रिंग आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. बदललेला जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्यावा आणि तो कुठे झिजला ते त्याच्याकडूनच समजून घ्यावं. चांगला मिस्त्री हे आनंदाने दाखवतो.

पावसाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याला मुलाबाळांसह निघायचं असेल, तर आदल्या आठवड्यात ही तपासणी करून घ्यावी. घाट उतरताना प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक ब्रेकला जास्त भार पुढच्या दोन चाकांवर येतो. त्या चाकांना धरून ठेवणारे बॉल जॉइंट लिंबाएवढेही नसतात. गाडी शांत चालत असली, तरी ते एकदा हलवून पाहावेत.