साखर वाढलीय, पण तापही आहे?

टाइप १ मधुमेहाच्या मुलाला कीटोअ‍ॅसिडोसिस (इन्सुलिन कमी पडून रक्त आम्लधर्मी होणं) झाला की संसर्ग नसतानाही रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात. नुसत्या त्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. ताप मात्र कीटोअ‍ॅसिडोसिसचा नव्हे. तो असेल तर न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग शोधायलाच हवा. सर्वांत घातक म्युकरमायकोसिस हा बुरशीचा संसर्ग: रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांना बांधलेलं लोह सुटतं आणि त्यावर ही बुरशी पोसते. २०२१च्या कोविड लाटेत महाराष्ट्राने ती पाहिली. मुलांत ती विरळाच, पण एका बाजूचा गाल सुजला, डोळा दुखू लागला, टाळूवर काळा डाग दिसला तर तत्काळ रुग्णालय गाठा. आणि आजारी मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करू नका.